मुलाखतीत मराठीतून झालेलं बोलणं

शनिवार, नऊ नोव्हेंबर. आम्ही ठरवलेली पगाराची मर्यादा महिना एक लाख चाळीस हजार, उमेदवाराची मागणी एक लाख पासष्ट हजार. खोलीत हजर चौघे: कंपनीचे मालक, हार्डवेअरचं काम बघणारा तरुण इंजिनिअर, मुलाखतीला आलेल्या बाई आणि हिशेब व पगार बघणारा मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या खोलीत काय बोललं गेलं यावरून पुढे वाद झाला, आणि चौघांपैकी दोघांना त्यातला एक तुकडा समजलाच नव्हता.

आमचा कारखाना मोहालीत आहे. बटाटे, किन्नू संत्री, दूध ठेवायच्या कोल्ड रूमसाठी आम्ही कंट्रोल पॅनल बनवतो. पॅनलचा जीव म्हणजे आतला सर्किट बोर्ड. कोणता पार्ट कशाला जोडायचा हे कागदावर ठरवणं हे एक काम, आणि ते सगळे पार्ट व तांब्याच्या रेषा हाताएवढ्या बोर्डावर प्रत्यक्ष कुठे बसवायच्या हे वेगळं काम. दुसरं काम आमच्याकडे अनेक वर्षं एकच माणूस करत असे. तो मुलाकडे कॅनडाला निघून गेला आणि त्याच्या जागी अनुभवी माणूस मिळेना. ज्यांना काम येत होतं ते बंगळूर सोडायला तयार नव्हते, आणि जे इकडे यायला तयार होते त्यांना काम येत नव्हतं. मधल्या काळात नव्या मॉडेलचा बोर्ड आमच्या इंजिनिअरने स्वतःच रचला. ते त्याचं काम नव्हतं, पण हौसेने केलं. सोमवारी सकाळी अशा दोन हजार बोर्डांची ऑर्डर जायची होती. कोरे बोर्ड तीन लाख तीस हजारांचे, पार्ट बसवून झाल्यावर तोच माल अडतीस लाखांचा.

बाई कोल्हापूरकडच्या. चाळिशी ओलांडलेली, बोर्ड रचण्याचा पंधरा वर्षांचा अनुभव, त्यातली बरीच पुण्यातली. नवरा हवाई दलात, त्याची इकडे बदली झाली म्हणून नोकरी सोडावी लागलेली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी त्यांना दोनदा पाहिलं होतं. एकदा नमस्कार, एकदा "पार्किंग कुठे मिळालं?" एवढंच बोलणं. अर्ज त्यांनी जाहिरात पाहून केला होता. तरीही मी मालकांना आधी सांगितलं, "सर, मराठी हैं, शकल से पहचानता हूँ."

मालक हसले. "तो क्या हुआ भाईसाहब? मैं भी तो सारे पंजाबी भर के बैठा हूँ."

त्याच बोलण्यात मी हेही सांगितलं होतं की एक चाळीसमध्ये असा माणूस मिळणार नाही, बाजारात एक साठच्या आसपास चाललं आहे. हे वाक्य नंतर माझ्या अंगाशी आलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मी सांगलीचा, इथे येऊन एकोणीस वर्षं झाली, आणि ऑफिसात मी मराठी बोलत नाही. घरून फोन आला तरी "हाँ, बोलो" असंच म्हणतो. बायकोला याचा राग येतो. पण माझ्या हातात सगळ्यांचे पगार आहेत. ज्याच्या हातात पगार असतात त्याने चारचौघांत न कळणाऱ्या भाषेत बोलू नये, असं माझं मत आहे.

मुलाखत मालकांच्या केबिनमध्ये झाली. दुसरा शनिवार म्हणून कारखाना बंद होता. चहा मीच केला. मालकांनी पहिला प्रश्न बदलीचाच विचारला. बाई सरळ म्हणाल्या, "दो साल तो पक्का है यहाँ. उसके बाद का मैं वादा नहीं कर सकती." मालकांनी मान हलवली, पण चेहरा उतरला. इंजिनिअर टेबलाच्या कडेला बसून पाय हलवत होता.

मालकांची परीक्षेची पद्धत एकच. पुस्तकी प्रश्न विचारायचे नाहीत, चालू काम समोर ठेवायचं. त्यांनी नव्या बोर्डाचं मोठं प्रिंट टेबलावर पसरलं आणि लॅपटॉप बाईंच्या पुढ्यात सरकवला. "देखो जी, आराम से देखो. सोमवार को ऑर्डर जानी है. बताओ कैसा है."

बाईंनी चष्मा बदलला. बराच वेळ बोटाने रेषा धरून बघत राहिल्या. मग इंजिनिअरला विचारलं, "पॅनल कहाँ लगता है? कोल्ड रूम के बाहर या अंदर?"

"अंदर, दरवाज़े के पास," तो म्हणाला.

"और यहाँ बीच में स्लॉट नहीं रखा?"

स्लॉट म्हणजे बोर्डात आरपार कापलेली लांब फट. आमच्या जुन्या बोर्डांवर ती असायची. एका बाजूला दोनशे तीस व्होल्टचा घरगुती करंट, दुसऱ्या बाजूला बटणांचा कमी व्होल्टचा भाग, आणि मध्ये फट. ती कशासाठी असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"जगह चाहिए थी मैडम, वाय-फाय डालना था," इंजिनिअर म्हणाला. मालकांनी कौतुकाने भर घातली, "और नौ रुपये बचाए मुंडे ने. पर पीस!" मुंडा म्हणजे पंजाबीत पोरगा.

बाईंनी प्रिंट पुन्हा जवळ ओढलं. मग मान वर न करता माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "हा बोर्ड यांनीच केलाय का?"

मी म्हणालो, "हो, यांनीच. का?"

"मग साहेबांसमोर बोलू का नको?"

"एवढं मोठं आहे?"

"पाठवायच्या लायकीचा नाही हो, दादा."

एवढंच. मराठीत विचारलं गेलं, तोंडातून मराठीत उत्तर गेलं. एकोणीस वर्षांचा नेम मोडला हे मला मालकांच्या हातातलं पेन थांबलं तेव्हा कळलं.

"कौन सी मीटिंग चल रही है भाईसाहब?" ते म्हणाले. "हमें भी शामिल कर लो."

मी इंजिनिअरकडे पाहिलं. त्याचा पाय हलायचा थांबला होता. मी म्हणालो, "कुछ नहीं सर, काम की ही बात थी."

"काम की बात तो हम भी समझ लेते हैं."

बाई काही बोलायच्या आत मालकांनी पगाराचा विषय काढला. बाईंनी एक पासष्ट सांगितले. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, पुन्हा माझ्याकडे. "अच्छा," ते म्हणाले. "मंगल तक बताएँगे." मुलाखत संपली.

गेटपर्यंत मी बाईंना सोडायला गेलो. जायला नको होतं. केबिनच्या खिडकीतून गेट दिसतं. पण नेमकं काय बिघडलंय ते मला हवं होतं. त्या म्हणाल्या, "कोरड्या खोलीत हा बोर्ड वर्षभर चालेल बघा. पण कोल्ड रूमचं दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत येते आणि बोर्डावर दव धरतं. मध्ये फट नाही, रेषा जवळजवळ. त्या ओलीवरून करंट पलीकडे बटणांकडे जाणार. बटण दाबणाऱ्याचे हात ओलेच असतात की."

"मग आत का नाही सांगितलंत?"

"साहेब त्याचं कौतुक करत होते ना. मी पहिल्याच दिवशी त्याला खाली पाडलं असतं, तर उद्या त्याच्याच शेजारी बसून काम कसं करू? तुम्ही त्याला एकट्याला सांगा. फक्त सोमवारच्या आत."

परत वर आलो तर मालक दारातच उभे होते.

"गेट पे भी काम की ही बात थी?"

"हाँ सर."

"देखो, मैं सीधी बात करता हूँ. आपने मुझे बोला एक साठ. उसने माँगा एक पैंसठ. बीच में आप दोनों ने अपनी बोली में कुछ तय किया. मैं क्या समझूँ?"

माझे कान तापले. एकोणीस वर्षांत या माणसाचा एक रुपया माझ्या हातून इकडचा तिकडे गेला नव्हता. घरचे पैसे मोजताना तो डोळे मिटून मला सांगत असे, तुम्हीच बघा. मी म्हणालो, "सर, पगार का एक शब्द नहीं हुआ."

"तो बता दो क्या हुआ."

सांगणं सोपं होतं. पण ज्या मुलाचं दहा मिनिटांपूर्वी माझ्यासमोर कौतुक झालं होतं, त्याची चूक त्याच्या आधी मालकाला सांगायची, आणि तीही मला स्वतःला न कळणारी, दुसऱ्याकडून ऐकलेली? मी म्हणालो, "सोमवार को बताऊँगा. ऑर्डर जाने से पहले. तब तक ऑर्डर मत भेजिए."

"अब ऑर्डर भी आप रोकोगे?" ते म्हणाले, आणि आत निघून गेले.

झिरकपूरला घरी जाताना एअरपोर्ट रोडवर गाड्या अडकून पडल्या होत्या. विचार करायला भरपूर वेळ मिळाला आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"घरी फोन केला तर 'हाँ बोलो' म्हणता. आणि तिथे मराठी सुचली?"

"तिने विचारलं म्हणून..."

"मी रोज विचारते की."

मुलगी सोफ्यावर होती. ती मराठी सगळी समजते, बोलते मात्र हिंदीत. "बाबा, सिंपल था. ट्रान्सलेट कर देते वहीं पे."

"आणि तो मुलगा?"

"तो उसकी गलती है ना. आपकी नौकरी क्यों जाए?"

नोकरी जाईल असं मला वाटत नव्हतं. पण हिशेब बघणाऱ्यावर संशय घेऊन त्याला ठेवलं, तर ती नोकरी कसली? प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी दुसऱ्यांदा बेरीज करणार. ते मला सहन होणार नव्हतं. मी जेवलो नाही असं लिहिलं तर खोटं होईल. जेवलो, पण चव लागली नाही.

रविवारी सकाळी मी खरड गावी इंजिनिअरच्या घरी गेलो. फोन केला तर तो टाळेल असं वाटलं. त्याच्या आईने दार उघडलं, हात धरून आत नेलं, चहा आणि पिन्न्या, म्हणजे कणकेचे लाडू, समोर ठेवले. मुलगा ट्रॅकसूटमध्ये येऊन समोर बसला. मी गेटवर ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं.

"अंकल जी," तो शांतपणे म्हणाला, "आप मैडम की सिफारिश लेके आए हो?"

"नहीं बेटा."

"तो आप अकाउंट्स देखो ना. मैंने दो हफ़्ते टेस्ट किया है. एक बार ट्रिप नहीं हुआ."

"गीला करके किया?"

त्याने पिन्न्यांची ताटली माझ्याकडे सरकवली. आई म्हणाली, "खाओ जी, आपने तो एक भी नहीं लिया." मी एक पिन्नी घेतली. ती तोंडात असतानाच बाईंना फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. आधी तो नुसतं "जी, जी" करत होता. मग उठून बाल्कनीत गेला. मग आत येऊन कागद शोधू लागला. आईने मला विचारलं, "कोई रिश्ते की बात है?" मी म्हणालो, "नहीं जी, बोर्ड की." तिचा चेहरा पडला.

तासाभराने आम्ही दोघं कारखान्यात होतो. चाचणीसाठी आमच्याकडे कपाटाएवढी एक कोल्ड रूम आहे. त्याने नमुन्याचा बोर्ड आत टांगला, थंड होऊ दिला, दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बोर्डावर बारीक धुकं धरताना मला बाहेरूनही दिसत होतं. पहिल्या वेळी काही झालं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत थोडा विजय होता. दुसऱ्या वेळीही काही नाही.  बाईंचा अंदाज चुकला असेल तर सोमवारी मालकांना मी काय सांगणार होतो? तिसऱ्या वेळी खटकन आवाज झाला आणि करंट गळला की पडणारा भिंतीवरचा स्विच खाली आला. त्याने तो वर केला. लगेच पुन्हा पडला.

तो खोक्यावर बसला. बोर्डाकडे बघत म्हणाला, "किसी का हाथ होता उस पे."

मी कोल्ड रूमचं दार लावलं.

"सर को आप बताओगे?"

"मैंने सोमवार को बताने का वादा किया है. तू पहले बता दे तो अच्छा."

त्याने बोर्ड खाली काढला आणि फडक्यात गुंडाळला.

सोमवारी मी लवकर पोचलो. मालक आधीच आले होते, ऑर्डरची मेल उघडून बसले होते. मला बसा म्हणाले नाहीत. इंजिनिअरची गाडी अजून गेटवर दिसत नव्हती. मी खिडकीपाशी उभा राहिलो.

"हाँ जी, सोमवार हो गया," ते म्हणाले.

"दो मिनट सर."

"किसका इंतज़ार है?"

तेवढ्यात तो आला. हातात तोच बोर्ड. दार लोटायच्या आधीच बोलायला लागला, "सर, ऑर्डर मत भेजना. बोर्ड मेरे से गलत बना है." मग त्याने सगळं सांगितलं: फट, दव, स्विच. नऊ रुपयेही स्वतःच सांगितले. मालकांचा चेहरा आधी लाल झाला, मग शांत झाला, आणि शांत झाल्यावर मला जास्त भीती वाटली.

"तो शनिवार को यही बात थी?" त्यांनी मला विचारलं.

"हाँ सर." आणि मी ते बोलणं एकेक वाक्य हिंदीत सांगितलं, 'पाठवायच्या लायकीचा नाही' हेसुद्धा. इंजिनिअर जमिनीकडे बघत होता.

"बोर्ड की बात हुई होगी, मान लिया," मालक म्हणाले. "पगार की नहीं हुई, ये मैं कैसे मानूँ?" आणि त्यांनी थेट बाईंना फोन लावला, स्पीकर चालू केला, मला बोटाने गप्प राहायला सांगितलं. "मैडम, एक छोटी सी बात. शनिवार को आपने हमारे भाईसाहब से मराठी में क्या पूछा था?"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग बाई म्हणाल्या, "वो? कुछ नहीं सर. मैंने पूछा यहाँ लंच का क्या इंतज़ाम है. उन्होंने बोला डिब्बा लाते हैं."

 त्या मुलाला वाचवायला बाई खोटं बोलल्या होत्या, आणि त्यांच्या एका वाक्यात मी खोटा ठरलो होतो. मालकांनी भुवया वर केल्या आणि माझ्याकडे बघत राहिले. मी बोललो असतो तर ते शिकवल्यासारखं झालं असतं.

इंजिनिअर पुढे झाला. फोनवर वाकून म्हणाला, "मैडम, मैंने सर को बोर्ड का सब बता दिया है. आप सच बोल दो. अंकल जी फँस रहे हैं."

पलीकडे मग बाईंचा आवाज बदलला. "सॉरी सर. मैंने पूछा था कि बोर्ड इन्होंने ही बनाया है क्या. दादा बोले, हाँ, क्यों. मैंने पूछा, आपके सामने बोलूँ या नहीं. वो बोले, इतना बड़ा है? मैंने कहा, भेजने लायक नहीं है. बस."

वाक्यं तीच होती आणि त्याच क्रमाने. मी दोन मिनिटांपूर्वी सांगितलेली.

"और लंच?" मालकांनी विचारलं.

"लंच का नहीं पूछा. अब पूछ लेती हूँ."

मालक हसले. शनिवारनंतर पहिल्यांदा. "मैडम, झूठ आपको आता नहीं. आज तीन बजे आ सकती हो?"

तीनला बाई आल्या. मी नेहमीप्रमाणे पगाराची फाईल घेऊन आत जायला निघालो तर मालकांनी हात वर केला. "भाईसाहब, आप बाहर बैठो. आज की बात मैं और मुंडा करेंगे." आवाजात राग नव्हता. एकोणीस वर्षांत पगाराच्या बोलण्याच्या वेळी मी पहिल्यांदाच बाहेरच्या खुर्चीवर बसलो. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. एकदा बाईंचा हसण्याचा आवाज आला, एकदा इंजिनिअरचा "नहीं सर, कम है" असा. दार उघडलं तेव्हा मालकांनी माझ्यापुढे कागद धरला, आकडा त्यांच्याच हाताने लिहिलेला: एक लाख पंचावन्न हजार. मी कारण विचारलं नाही.

तेव्हापासून नव्या माणसाच्या पगारावर दोन सह्या लागतात. मालक म्हणाले, "आप पे शक नहीं है, सिस्टम है." मी बरं म्हणालो. सिस्टम म्हणून ती चांगलीच आहे. मीच आधी सुचवायला हवी होती. पण रात्री बायकोला सांगताना 'सिस्टम' हा शब्द मी दोनदा म्हणालो. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला.

बाई एक डिसेंबरपासून रुजू धरल्या गेल्या. बोर्ड फटीसकट नव्याने रचला गेला आणि त्याचे वीस नमुने आधी ओले करून तपासले गेले; नमुने बनवणाऱ्याला सव्वीस हजार चारशे रुपये दिले. डिसेंबरअखेर बाईंच्या खात्यावर पहिला पगार जमा केला: एक लाख पंचावन्न हजारांतून भविष्य निर्वाह निधीचे अठराशे आणि पंजाब सरकारच्या कराचे दोनशे वजा जाऊन, एक लाख त्रेपन्न हजार रुपये. पहिली सही इंजिनिअरची, दुसरी माझी.